वेगाचें मोल

मार्गशीर्षी पौर्णिमा जवळ येऊं लागली कीं, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादें तालुक्यांतील सारंगखेडें या तापीकांठच्या गांवाकडे घोड्यांच्या रांगा लागतात. गांवांत एकमुखी दत्ताचें मंदिर आहे. दत्तजयंतीची यात्रा भरते आणि यात्रेच्या अंगानें घोड्यांचा बाजारही भरतो. या बाजाराला तीनशें वर्षांची परंपरा असल्याचें त्या परिसरांत सांगतात. मारवाडांतून, काठेवाडांतून, पंजाबांतून जनावरें येतात. कानांचीं टोकें आंत वळून एकमेकांस भिडणारा उंच मारवाडी, तशाच कानांचा पण अंगानें आटोपशीर काठेवाडी, पांढराशुभ्र नुकरा, तोंडावर आणि चारी पायांवर पांढरें असलेला पंचकल्याण, असे नाना जातींचे घोडे तेथें मेखांना बांधलेले दिसतात.

गिऱ्हाईक येतें. तें दांत पाहून वय ताडतें, खूर उचलून पाहतें, उंची इंचांत मोजून घेतें, गळ्यावरचा देवमण नांवाचा भोवरा शोधतें. एवढें झाल्यावर तें म्हणतें, "चाल दाखवा." घोडा दुडक्या चालीनें नेऊन आणतात, मग भरधाव सोडतात. त्यानंतर किंमतीची गोष्ट निघते. सारा बाजार म्हणजे शेवटीं दोनच प्रश्न. हा चालतो कसा, आणि याचें मोल किती?

हे दोन प्रश्न माणसानें घोड्यावरून उतरून मोटारींत बसतांना बरोबरच नेले. श्रीमंतांच्या शर्यती मोटारींची तुलना करणारा आजचा शोकीनही तेंच विचारतो. गाडी ताशीं किती मैल जाते, आणि तिला किती पैसे पडतात? या प्रश्नांचा इतिहास पाहण्यास नंदुरबार जिल्ह्यांतूनच निघतां येतें. सातपुड्याच्या पायथ्याशीं तळोदें हें गांव आहे. तेथील बारगळांच्या घरीं एक पोरका मुलगा वाढला. त्याची सारी दौलत घोड्याच्या पाठीवर उभी राहिली. त्यानें स्थापिलेल्या गादीवरील वारसानें सुमारें दोनशें वर्षांनंतर जगांतील अत्यंत महाग आणि अत्यंत वेगवान अशी मोटार आपल्यासाठीं बनवून घेतली. या दोन टोकांमध्यें वेगाच्या मोलाचा एक संपूर्ण धडा आहे.

घोड्याच्या किंमतीचें एक जुनें कोष्टक अबुल फजल यानें लिहिलेल्या आइने-अकबरींत सांपडतें. बादशाही फौजेंतील घोड्यांचे सात वर्ग तेथें दिले आहेत. सर्वांत वर अरबी, त्याखालीं इराकी, मग मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी आणि शेवटीं जंगला. अरबी घोड्याच्या खर्चासाठीं महिना ७२० दाम आणि जंगल्यासाठीं २४० दाम मंजूर होत. चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे अरबी घोडा महिना अठरा रुपये खाई, तर जंगला सहा रुपयांत भागे. खर्च बरोबर तिप्पट. आतां असा प्रश्न येतो कीं, अरबी घोडा तिप्पट पळत असे काय? अर्थातच नाहीं. तो अधिक पळे, अधिक देखणा दिसे, आणि त्यावर बसणाराचा मान वाढे. तिप्पट खर्चांत वेगाचा वांटा किती आणि मानाचा किती, हें अबुल फजलनें वेगळें काढून ठेवलेलें नाहीं. विकणारा तें वेगळें काढीत नसतो.

मराठ्यांनीं मात्र हा हिशेब वेगळा काढला. शिवकालीन घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा सरकारांतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पांच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी चढती रचना सभासदानें आपल्या बखरींत सांगितली आहे. सरकारी पागेंतील घोडा म्हणजे सरकारचें भांडवल. तो मेला तर तोटा सरकारचा. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची चाकरीच गेली. म्हणून घोडा निवडतांना दोघांनाही एकच कसोटी लावावी लागे. थोड्या चंदीवर, मिळेल त्या वैरणीवर, दगडधोंड्यांतून रोज मजल मारून हा किती दिवस टिकेल? भीमा नदीच्या खोऱ्यांतील भीमथडी जातीचें तट्टू या कसोटीला उतरलें. उंचीनें तें मोठें नव्हतें, मिरवणुकींत त्याकडे कोणाचे डोळे लागले नसते. पण मैदानांत अर्धा तास पुढें राहणें आणि महिनाभर थकल्यावांचून चालत राहणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि लढाया बहुधा दुसरीनें जिंकल्या जातात.

या घोडदळाच्या जगांत मल्हारराव होळकर वाढले. त्यांचा जन्म १६९३ सालचा, जेजुरीजवळील होळ या गांवचा. वडील खंडूजी लहानपणींच वारले, तेव्हां आई त्यांना घेऊन तळोद्यास आपल्या भावाकडे आली. हे मामा भोजराज बारगळ. सरदार कदम बांडे यांच्या चाकरींत त्यांचें लहानसें घोडदळ होतें. मामांच्या पथकांत मल्हाररावांना स्वारी मिळाली, पुढें मामांची मुलगी गौतमाबाई ही त्यांची पत्नी झाली, आणि पुढच्या दशकांत ते बाजीराव पेशव्यांच्या पदरीं आले. तळोद्याच्या मुलानें पहिला धडा घेतला तो असा कीं, घोडा हा दागिना नसून हत्यार आहे.

त्या हत्याराची परीक्षा १७२८ सालीं झाली, आणि तिचा मार्ग तळोद्याच्या दारावरूनच गेला. १७२७ च्या पावसाळ्यानंतर बाजीराव निजामावर निघाले. त्यांनीं जालन्याकडचा मुलूख मारला, वऱ्हाडाच्या रोखानें गेले, तेथून अकस्मात् वायव्येस वळून खानदेश ओलांडला, आणि कुकरमुंड्यास तापी उतरून गुजराथेंत शिरले. कुकरमुंडें आज गुजराथेंत आहे, पण तें तळोद्याचा शेजारच आहे. निजामाला शत्रु नेमका कोठें आहे याचा पत्ता लागेना. तो पुण्यावर गेला, तेव्हां बाजीराव परत फिरून त्याच्या मुलखाच्या छातीवर आले. आपली राजधानी वांचविण्यासाठीं निजामाला घाईनें माघारीं यावें लागलें. त्या घाईंत त्याच्या जड तोफा मागें राहिल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस वैजापूरजवळील पालखेड येथें तो अन्नपाण्यावांचून कोंडला गेला, आणि ६ मार्च १७२८ रोजीं मुंगी-शेवगांवचा तह झाला. या मोहिमेंत निजामाच्या रसदेची व बातमीची वाट तोडणाऱ्या सरदारांत मल्हारराव होते.

दोन्ही फौजांची किंमत काढली असती तर निजामाची कितीतरी अधिक भरली असती. त्याचे घोडे मोठे, तोफा मोठ्या, डेरे मोठे. परंतु प्रत्येक महाग वस्तु आपल्याबरोबर आणखी एका महाग वस्तूची गरज घेऊन येते. मोठ्या घोड्याला मोठी चंदी, चंदीसाठीं बैल, बैलांसाठीं वैरण, वैरणीसाठीं मुक्काम. मराठी स्वारानें हा पसाराच टाळला होता. पुढें १७६१ सालीं पानिपतावर मराठी फौज जेव्हां जड तोफखाना व मोठा कबिला घेऊन गेली, तेव्हां सामानसुमान मागें ठेवून हलक्या घोडदळानें लढावें असें सांगणारांत वृद्ध मल्हारराव होते. तो सल्ला मानला गेला नाहीं.

मात्र हलकें तट्टू म्हणजे हमखास विजय, असा सोपा निष्कर्ष इतिहास काढूं देत नाहीं. होळकरांच्याच घराण्यांतील पहिले यशवंतराव हे आपल्या काळचे अत्यंत चपळ सेनानी. १८०४ सालीं त्यांच्यापुढें कर्नल मॉन्सनच्या इंग्रजी फौजेची दाणादाण उडाली. परंतु त्याच वर्षीं जनरल लेक यानें त्यांचा पाठलाग आरंभिला. घोडदळ आणि घोड्यांनीं ओढलेल्या हलक्या तोफा घेऊन तो एका पंधरवड्यांत सुमारें ३५० मैल गेला. शेवटच्या चोवीस तासांतच त्यानें पन्नासांहून अधिक मैल मारले आणि १७ नोव्हेंबर १८०४ च्या पहांटे फरुकाबादेजवळ होळकरांच्या झोंपलेल्या छावणीवर घाला घातला. यशवंतराव स्वतः निसटले, पण वेग ही आपली मिरासदारी नव्हे, हें त्या दिवशीं ठरलें. ज्याच्यापाशीं पोसलेला घोडा, ठरलेली चंदी, वेळेवर पगार आणि कडक शिस्त, त्याचा घोडा तितकाच धांवूं शकतो. वेग जनावराच्या पायांत जितका असतो तितकाच त्याच्यामागच्या व्यवस्थेंत असतो. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें सातपुड्याच्या दक्षिणेकडचा खानदेशांतील मुलूख त्यांच्या हातून गेला. मल्हाररावांचें आजोळ होळकरी सत्तेच्या बाहेर पडलें.

येथून होळकरांच्या हातीं तलवारीऐवजीं खजिन्याची किल्ली राहिली. लढण्यासाठीं वेग विकत घेण्याचें कारण संपलें. तरी वेगावर पैसा घालण्याची संधि संपली नव्हती. दुसरे तुकोजीराव यांनीं ती कशी साधली तें पाहण्यासारखें आहे. आगगाडीचा मुख्य रस्ता खांडव्यावरून गेला होता, आणि इंदूर व खांडवा यांच्यामध्यें नर्मदा नदी व विंध्याद्रीचा घाट होता. १८७० सालीं तुकोजीरावांनीं इंग्रज सरकारला हा फांटा बांधण्यासाठीं एक कोटि रुपये कर्जाऊ दिले. व्याज शेंकडा साडेचार, मुदत १०१ वर्षें. गणित सोपें आहे. एक कोटीवर साडेचार टक्के म्हणजे वर्षाला साडेचार लाख रुपये. १८७८ सालापर्यंत रूळ इंदूरला पोंचले, आणि माळव्याची अफू, कापूस व धान्य घाट उतरून बाहेर पडूं लागलें. जो घाट ओलांडण्यास बैलगाडीला दिवस लागत, तो तिसऱ्या वर्गाचें तिकीट काढणारा माणूसही कांहीं तासांत ओलांडूं लागला. या वेगाचें मोल मोठें होतें. पण तो वेग एकट्या राजाचा नव्हता, आणि खजिन्याला तें मोल व्याजासकट परत मिळावयाचें होतें.

आतां मोटारीकडे येऊं. श्रीमंती शर्यती मोटारींत दोन माणसांची, मागें उतरत्या छपराची जी बंद गाडी असते तिला कूपे म्हणतात. हा शब्द मूळचा घोडागाडीचाच आहे. फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ कापलेली. चार जणांच्या घोडागाडीची पुढची उलट्या तोंडाची बैठक कापून टाकली म्हणजे दोघांपुरती सुटसुटीत गाडी उरे, ती कूपे. म्हणजे या गाडीचा जन्मच मुळीं कमी माणसें नेण्यासाठीं झाला. जागा कमी, वजन कमी, वेग अधिक, आणि किंमतही अधिक, हें तिचें सूत्र. याच कुळांतली, पण छप्पर उघडें टाकलेली दोन आसनांची गाडी म्हणजे स्पीडस्टर.

१९२८ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत ड्यूसेनबर्ग कंपनीनें आपली 'जे' नांवाची मोटार मांडली. फ्रेड ड्यूसेनबर्ग हा जर्मनींत जन्मलेला आणि अमेरिकेंत वाढलेला कारागीर. त्याची कंपनी एरट लॉबन कॉर्ड या धनिकानें विकत घेतली होती आणि त्याला जगांत सर्वोत्तम ठरेल अशी गाडी करण्यास सांगितलें होतें. आठ सिलिंडरांचें, जवळजवळ सात लिटरांचें इंजिन, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणें २६५ अश्वशक्ति. कारखाना फक्त चाकें व इंजिन असलेला सांगाडा विके. त्याची किंमत ८,५०० डॉलर. वरची पेटी गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यावयाची. घोड्याची किंमत वेगळी आणि खोगिराची वेगळी, तसाच हा प्रकार. त्याच सुमारास फोर्डची 'ए' मोटार सुमारें ५०० डॉलरांना पेटीसह मिळे. तिची शक्ति ४० घोड्यांची आणि वेग ताशीं ६५ मैलांच्या आसपास.

शाळेंतल्या त्रैराशिकानें हा हिशेब मांडून पाहूं. ड्यूसेनबर्गचा नुसता सांगाडा फोर्डच्या सबंध गाडीच्या सतरापट महाग. शक्ति साडेसहापट. वेग? ड्यूसेनबर्ग ताशीं ११५ मैलांच्या पुढें जाई. म्हणजे वेग पावणेदोनपटीहून थोडा अधिक. यांत कंपनीची लबाडी नाहीं, निसर्गाचा नियम आहे. गाडी वेगानें जाऊं लागली म्हणजे समोरची हवा तिला अडविते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगानें कापावयाचा म्हणून शक्ति आठपट लागते. पहिले साठ मैल स्वस्त असतात. त्यापुढचा एकेक मैल मागच्यापेक्षां महाग पडतो. शेवटच्या दहा मैलांसाठीं जी रक्कम मोजली जाते तिच्यांत दुसरी एक गाडी सहज येते. अबुल फजलच्या कोष्टकांत जी गोष्ट दडलेली होती ती येथें आंकड्यांनीं उघडी होते.

१९२६ सालीं तिसऱ्या तुकोजीरावांनीं गादी सोडली आणि त्यांचे पुत्र दुसरे यशवंतराव होळकर गादीवर आले. १९३० सालीं त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. इंग्लंडांत शिकलेला, नव्या कलेचा जाणकार असा हा राजा. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनीं इंदूरला माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. १९३५-३६ मध्यें त्यांनीं 'एसजे' या प्रकारची ड्यूसेनबर्ग घेतली. या प्रकारांत इंजिनांत दाबानें हवा कोंडणारें यंत्र बसविलेलें असे, आणि कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करी. लांब सांगाडा निवडला गेला, आणि त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यानें नारिंगी व काळ्या रंगाची पेटी चढविली. गाडी एवढी लांब, आणि बसण्याची मुख्य सोय दोघांची.

साध्या 'जे'चा मूळचा सांगाडाच त्या वेळच्या दरानें सुमारें २३ हजार रुपयांचा होतो. 'एसजे' त्याहून महाग, आणि पेटी, जहाजाचें भाडें, जकात हीं आणखी निराळीं. महिना तीस रुपये पगाराच्या माणसानें एक पैहि न खातां सांठविली असती, तर नुसत्या त्या सांगाड्यासाठीं त्याला चौसष्ट वर्षें लागलीं असतीं.

त्या काळीं या गाडीला प्रतिस्पर्धी नव्हते असें नाहीं. जर्मनीची मर्सिडीझ-बेंझ '५४० के' ही ५.४ लिटरांची. एरवीं शक्ति ११५ घोड्यांची, पण हवा कोंडणारें यंत्र चालू केलें कीं १८०. साधी गाडी २२ हजार मार्कांना, तर विशेष स्पोर्ट पेटीची २८ हजारांना मिळे. दिसण्यांत तिच्या तोडीची गाडी विरळा, पण वजनानें ती फार भारी, आणि वेग ताशीं १०५ मैलांच्या घरांत. फ्रान्सची बुगाटी '५७ एससी' फक्त ३.३ लिटरांची, पण हलकी. २०० अश्वशक्तीवर ती ताशीं १२० मैलांची मजल गांठी. इटलीची अल्फा रोमिओ '८ सी २९००' तर तीन लिटरांच्याही आंतली. तिनें १९३६, १९३७ आणि १९३८ अशीं लागोपाठ तीन वर्षें मिल्ये मिल्या ही हजार मैलांची रस्त्यावरची शर्यत जिंकली. बुगाटीच्या '५७' घराण्यांतील गाडीनें १९३७ आणि १९३९ सालीं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली. मोठें इंजिन, मोठी पेटी आणि मोठें नांव असलेल्या गाड्या प्रदर्शनांत पुढें राहिल्या. घाटांत आणि वळणांवर हलक्या गाड्यांनीं बाजी मारली. पालखेडचा धडा यंत्रयुगानें पुन्हां गिरविला, इतकेंच.

पण इंदूरच्या गाडीची खरी अडचण प्रतिस्पर्धी ही नव्हती. अडचण होती रस्त्याची आणि कामाची. ताशीं सव्वाशें मैल जाणाऱ्या गाडीला तो वेग उपभोगण्यासाठीं जो सरळ, रुंद, मोकळा रस्ता हवा तो तेव्हां माळव्यांत कोठून असणार? बैलगाड्या, गुरें, घाट आणि नाले यांमधून ३२० घोड्यांपैकीं बहुतेक घोडे पागेंतच बांधून ठेवावे लागले असणार. मल्हाररावांच्या तट्टाची सारी शक्ति कामीं येई. तुकोजीरावांच्या आगगाडीची सारी शक्ति कामीं येई. यशवंतरावांच्या गाडींत शक्ति सर्वांत अधिक होती आणि तिला काम सर्वांत कमी होतें. हा दोष त्या एका राजाचा मानणें अन्यायाचें होईल. हैदराबादपासून पतियाळ्यापर्यंत ज्यांना लढण्याचें काम उरलें नव्हतें आणि मिरविण्याचें तेवढें उरलें होतें, अशा सर्वच दरबारांची ही रीत होती. परंतु एकाच गादीवर तिन्ही प्रकार क्रमानें दिसतात, म्हणून होळकरांचें उदाहरण बोलकें ठरतें.

ड्यूसेनबर्ग कंपनीही त्या वेगाचें मोल फार दिवस वसूल करूं शकली नाहीं. फ्रेड ड्यूसेनबर्ग स्वतः 'एसजे' चालवितांना झालेल्या अपघातानें १९३२ सालीं वारला. मंदीच्या वर्षांत गिऱ्हाइकें आटलीं. 'जे'च्या सुमारें ४८० गाड्या निघाल्या आणि १९३७ सालीं कारखाना बंद पडला. १९४८ सालीं इंदूर संस्थान मध्यभारतांत विलीन झालें, आणि १९६१ सालीं यशवंतराव निवर्तले. त्यांची गाडी पुढें अमेरिकेंतील संग्राहकांच्या हातीं गेली.

येथें किंमतीचा एक चमत्कार नोंदविण्यासारखा आहे. जोंवर या गाड्या धांवत होत्या तोंवर त्यांना गिऱ्हाईक मिळेना. त्या धांवण्याच्या थांबल्या तेव्हां त्यांची किंमत आकाशाला भिडली. १९३५ सालीं बनलेली आखूड सांगाड्याची एक ड्यूसेनबर्ग २०१८ सालीं लिलांवांत २ कोटि २० लाख डॉलरांना गेली. एक अल्फा रोमिओ '८ सी २९००' २०१६ सालीं १ कोटि ९८ लाख डॉलरांना गेली. आज साधी मोटारही वेगांत त्यांच्या जवळपास येते. तेव्हां ही किंमत वेगाची नव्हेच. ती दुर्मिळतेची, नांवाची आणि आठवणीची आहे. अरबी घोड्याच्या अठरा रुपयांतला मानाचा वांटा वाढत वाढत आतां सबंध किंमतच होऊन बसला आहे.

सारंगखेड्याचा बाजारही याच वाटेनें चालला आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार वेगळा झाला, तोंवर शेतीच्या, टांग्याच्या व ओझ्याच्या घोड्याचें दिवस संपत आले होते. आज या बाजारांत घोड्याची किंमत लाखांत सांगतात, क्वचित् कोटींतही सांगितल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात. हा घोडा मोहिमेवर जाणार नाहीं, डाकही नेणार नाहीं. तो वरातींत नाचेल, प्रदर्शनांत उभा राहील, धन्याच्या दारीं शोभेल. यांत गैर असें कांहीं नाहीं. देखण्या जनावराची जोपासना ही कलाच आहे, आणि जुन्या देशी जाती अशा हौशीवरच जगल्या आहेत. केवळ हौसेला चाकरी म्हणूं नये, एवढेंच.

कारण वेगाची खरी गरज याच जिल्ह्यांत अजून शिल्लक आहे. सारंगखेड्याहून उत्तरेकडे पाहिलें कीं सातपुड्याची निळी रांग दिसते. तिच्या पलीकडे अक्राणी आणि अक्कलकुवें तालुक्यांतील कित्येक पाडे डोंगरकडांना चिकटून आहेत. जेथें मोटारीचा रस्ता पोंचलेला नाहीं तेथून अडलेल्या बाईला किंवा सर्पदंश झालेल्या मुलाला बांबूला बांधलेल्या झोळींत घालून चार माणसें खांद्यावरून उतरवितात, अशा बातम्या अलीकडच्या वर्षांतही वाचावयास मिळाल्या आहेत. नर्मदेच्या फुगलेल्या पाण्याकांठच्या गांवांसाठीं बोटींवरचा दवाखाना चालवावा लागला आहे. झोळीचा वेग ताशीं दोन-तीन मैल. तो ताशीं वीस मैल झाला तर एक जीव वांचतो. ड्यूसेनबर्गचा वेग ताशीं शंभराचा एकशेंवीस झाल्यानें कोणाचेंही कांहीं वांचलें नाहीं.

वर सांगितलेला हवेच्या विरोधाचा नियम येथें उलट्या बाजूनें वाचावा. शेवटचे वीस मैल सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी. पहिले वीस मैल सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे. तळोद्याच्या पोरक्या स्वाराला हें घोड्यावर बसतांच कळलें होतें. सारंगखेड्याच्या बाजारांत घोड्याची चाल पाहून झाली, किंमत ठरली, म्हणजे शहाणा म्हातारा गिऱ्हाईक आणखी एक प्रश्न विचारतो, आणि तो पहिल्या दोहोंपेक्षां जुना आहे : "घोडा चांगला आहे हो, पण न्यावयाचा कोठें, आणि बसणार कोण?"